झांपोन्या आणि व्हिल्लानो : ज्यांबोलोन्याच्या एका लघुशिल्पासंबंधी

इटलीच्या खेड्यांत कातडी पिशवीत वारा भरून वाजवावयाच्या वाद्यास ‘झांपोन्या’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘सिंफोनिया’ या ग्रीक शब्दात आहे आणि त्याचा अर्थ स्वरसंवाद. पंडितांचा हा शब्द लॅटिनमधून झिजत झिजत मेंढपाळाच्या बगलेत येऊन विसावला. ‘व्हिल्लानो’ या शब्दाची कथा निराळी. ‘व्हिल्ला’ म्हणजे शेतवाडी. तेथे राहणारा तो व्हिल्लानो. पुढे त्यास असभ्य, हलकट हे अर्थ चिकटले. आपल्या काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा शब्द दोषवाचक झाला, त्यातलाच हा प्रकार. प्रबोधनकालीन ब्राँझच्या लघुशिल्पांतील खेडूत वादकांचा विचार करताना समीक्षकांच्या मनावर बहुधा या दुसऱ्या शब्दाचा पगडा असतो. श्रीमंताच्या दालनातील थट्टेची वस्तू, असा निकाल देऊन ते मोकळे होतात. ज्यांबोलोन्याच्या (१५२९-१६०८) बैठ्या वादकापुरता तरी हा निकाल मला मान्य नाही.

या शिल्पाआधी पादुआ येथे एक परंपरा होऊन गेली होती. आंद्रेआ रिच्चो व त्याचे अनुयायी यांनी विद्यापीठातील पंडितांच्या मेजांसाठी दौती, दिवे व छोट्या मूर्ती घडविल्या. त्यांतील वादक पुष्कळदा अजपाद सॅटिर असतो आणि त्याच्या हातचा वेळूच्या नळ्यांचा पावा ग्रीक पुराणातून आलेला असतो. तेथे रान आहे, पण खेडे नाही.

मेदिची घराण्याच्या आश्रयास असलेल्या, जन्माने फ्लेमिश अशा ज्यांबोलोन्याने हे पुराण दूर सारले. त्याचा वादक वीतभरही उंच नाही. पिशवी बगलेत, बोटे नळीवर. पिशवीवरचा दाब सुटला तर सूर तुटेल आणि बोट सरकले तर बिघडेल. या दोन्ही व्यवधानांत तो माणूस गुंतलेला आहे. थट्टेच्या पात्रास प्रेक्षकाची जाणीव असावी लागते. याला ती नाही. ड्यूररने १५१४ साली असाच एक वादक तांब्याच्या पत्र्यावर कोरला होता. पण झाडाला टेकलेली ती आकृती एकाच बाजूने दिसते. ब्राँझची मूर्ती हातात घेऊन फिरवता येते, आणि फिरविली म्हणजे पाठ, खांदा, कोपर ही सारी त्या एका दाबाच्या कामी लागलेली दिसतात. छायाचित्रात नेमके हेच हरवते. ‘सबाइन स्त्रियांचे अपहरण’ या भव्य संगमरवरी समूहात ज्या शिल्पकाराने पाहणाऱ्यास चहूबाजूंनी फिरावयास लावले, त्याचीच ही करामत आहे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. साचा राखून मेणाच्या पोकळ प्रती काढण्याच्या पद्धतीमुळे अशा मूर्ती अनेकवार ओतता येत. आंतोनिओ सुझिनीसारख्या कुशल सहाय्यकांनी त्या घासून, कोरून पुऱ्या केल्या. कंदील घेऊन रात्री पक्षी धरणाऱ्या शिकाऱ्याच्या मूर्तीप्रमाणेच हा वादकही संग्राहकांच्या कपाटांत एक ‘प्रकार’ बनून गेला. परंतु प्रती पारखण्याची खूणही येथेच सापडते. टोपी वा वस्त्रे पाहू नयेत, बोटे पाहावीत. जेथे ती नळीवर नुसती टेकलेली आहेत, तेथे व्हिल्लानो उरतो. जेथे ती स्वराची भोके झाकताना दिसतात, तेथे वादक.