तेलंगांनी वेचलेला सरवा

वकिलीत नाव मिळवावे, कायदे कौन्सिलात भाषणे करावी आणि उरल्या वेळात इतिहास लिहावा, असा क्रम ज्याने आचरला त्यास आपल्याकडे ‘हौशी इतिहासकार’ म्हणून बाजूस सारण्याची चाल आहे. ह्या शब्दात थोडे कौतुक व बरीचशी अवहेलना भरलेली असते. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग ह्यांच्या वाट्यास तर तेवढीही अवहेलना आली नाही. ते केवळ विसरले गेले. माटुंग्यास तेलंग रोड आहे, पण त्या रस्त्याने नित्य जाणाऱ्या दहा सुशिक्षितांस ‘हे तेलंग कोण?’ असे विचारले, तर नऊ जण आंध्र प्रांताकडे बोट दाखवितील असा माझा अनुभव आहे.

त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण आयुष्यच थोडके होते. जन्म मुंबईत, १८५० साली. १८७२ साली ते हायकोर्टाचे ॲडव्होकेट झाले. रामायण हे होमरच्या काव्यावरून रचले गेले असावे, असे म्हणणाऱ्या वेबर नामक जर्मन पंडितास त्यांनी पुढच्याच वर्षी सडेतोड उत्तर दिले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. १८८२ साली मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्गीतेचे गद्य भाषांतर आले. १८८४ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. १८८५ साली फेरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांच्याबरोबर बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापण्यात, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोवालिया टँकवरील गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरविण्यात ते पुढे होते. १८८९ साली हायकोर्टाचे न्यायाधीश, १८९२ साली मुंबई विश्वविद्यालयाचे पहिले हिंदी व्हाइस-चॅन्सेलर, आणि १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी, मृत्यू. ही यादी वाचून मन दिपते. मात्र दिपलेल्या डोळ्यांनी टीका होत नाही, म्हणून ती येथेच ठेवतो.

मला ज्या लेखाविषयी लिहावयाचे आहे तो त्यांच्या मोठ्या ग्रंथांत मोडत नाही. १८९२ साली पुण्यास डेक्कन कॉलेजातील मंडळीपुढे त्यांनी मराठ्यांच्या बखरींवर एक इंग्रजी निबंध वाचला. रानड्यांच्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथास, तो १९०० साली प्रसिद्ध झाला तेव्हा, हा निबंध शेवटी जोडण्यात आला, आणि तेथेच तो राहिला. पुस्तकाच्या शेपटाकडे जाणारे वाचक थोडेच. निबंधाच्या नावात ‘ग्लीनिंग्ज’ हा शब्द आहे. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत त्यास सरवा म्हणतात: पीक कापून नेल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे, जी गरिबांनी वेचावी. लढाया, तह, कारस्थाने हे पीक १८२६ सालीच ग्रँट डफ कापून घेऊन गेला होता. त्याच्या वावरात उरले काय, हे पाहण्यास तेलंग गेले.

आमच्या घोडपदेवात महिन्यातील एका रविवारी पाचपंचवीस मंडळी एकाच्या घरी जमून काही वाचतात. गेल्या खेपेस हा निबंध मी मराठीतून समजावून सांगितला. मंडळीत एका गिरणी कामगाराची नात होती, वकिलीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, “सर, हे सर्व ज्यांस ठाऊक होते, त्यांनीच आपल्या लहान मुलीचे लग्न लावले ना? मग हे आम्ही कशासाठी वाचावयाचे?” मी त्या वेळी काहीतरी सारवासारव केली. तिने मान डोलावली, पण ती मान पटल्याची नव्हती. हा लेख त्या सारवासारवीचे परिमार्जन आहे असे म्हटले तरी चालेल.

प्रथम निबंधाची योग्यता पाहू. बखर हा साक्षीदार म्हणून बेभरवशाचा. तो तारखा चुकवितो, सैन्याचे आकडे फुगवितो, धन्याची स्तुती करतो. ग्रँट डफच्या चुका दाखविण्याचे काम नीलकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी तेलंगांच्या कितीतरी आधी आरंभिले होते. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक ह्यांनी १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’त बखरी छापून लोकांपुढे मांडल्या होत्या. वाद चालला होता तो बखर खरी की खोटी असा. तेलंगांनी प्रश्नच बदलला, आणि येथे त्यांची वकिली उपयोगी पडली असे मला वाटते. उलटतपासणी करणारा कसलेला वकील जाणतो की, साक्षीदार खोटे बोलतो ते त्यास काही साधावयाचे असते तेव्हा. ज्यात त्याचे काही साधावयाचे नसते ते तो सहज, बेसावधपणे बोलून जातो. बखरकारास धन्याचा पराक्रम वाढवावयाचा होता. धन्याच्या घरी मुंज केव्हा झाली, लग्न कोणत्या जातीत झाले, बाटलेला माणूस परत घेतला की नाही, ह्यात त्याचा काही डाव नव्हता. तेलंगांनी नेमकी हीच वाक्ये वेचली.

आणि काय निघाले? शिवाजी महाराजांची मुंज १६७४ साली, राज्याभिषेकाच्या आधी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दोन पुत्र झाल्यावर झाली. शास्त्राचा क्रम पाहू जाता तो उलटाच झाला, आणि तरीही गागाभट्टांसारख्या पंडिताच्या हातून तो पार पडला. चित्पावन पेशवा नानासाहेब ह्याने १७६० च्या अखेरीस पैठणच्या वाखरे सावकारांची, म्हणजे देशस्थांची, मुलगी केली. परशुरामभाऊ पटवर्धनांची मुलगी अगदी बालवयात विधवा झाली, तेव्हा तिचे पुन्हा लग्न करण्याचा विचार भाऊंनी मनात आणला, पंडितांचे अनुकूल मतही मिळविले, आणि शेवटी घरच्या विरोधापुढे तो सोडून दिला, अशी हकीकत चालत आली आहे. ह्या गोष्टी सुट्या सुट्या पुष्कळांस ठाऊक होत्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्यावर ध्यानात येते की, ज्यास आपण सनातन, अचल, अनादि म्हणून कवटाळून बसलो ते कितीतरी वर्षांपूर्वीच माणसांनी हाताने वाकविले होते, आणि वाकविणारे कोणी पाखंडी नसून राज्यकर्ते व शास्त्री होते. १८९२ साली, संमतिवयाच्या कायद्याचा धुरळा खाली बसला नव्हता तेव्हा, हे पुण्यात उभे राहून सांगणे लहानसहान गोष्ट नव्हती. तेलंग ओरडत नाहीत. साक्षीपुरावा मेजावर ठेवतात आणि बाजूस होतात.

उणीवही सांगितली पाहिजे. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ सालचा, म्हणजे तेलंगांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी निघाला. अस्सल पत्रांचा तो डोंगर पुढे आल्यावर बखरीची किंमत एकदम उतरली, आणि बखरीवर उभारलेल्या निबंधाचीही उतरली. हे तेलंगांचे दुर्दैव म्हणता येईल. पण दुसरी उणीव त्यांच्या स्वभावातील आहे. ते आपल्या पक्षाची बाजू इतकी सुरेख मांडतात की, विरुद्ध पुराव्याची आठवण वाचकासच ठेवावी लागते. शंकराचार्यांच्या भाष्यात पूर्णवर्मा राजाचे नाव येते, तेवढ्या धाग्यावरून त्यांनी आचार्यांस सहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेले; युक्तिवाद वाचताना तो अभेद्य वाटतो, पण पुढील संशोधकांनी तो मानला नाही. न्यायाधीश झाल्यावरही ह्या गृहस्थाच्या अंगातील वकील पुरता निवृत्त झाला नव्हता.

आता त्या मुलीचा प्रश्न. १८८६ साली मुंबईत दिलेल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात तेलंगांनी सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, ह्या वादात राजकीय बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे की, जेथे अडथळा कमी तेथून पाऊल टाकावे. सरकारशी भांडताना आपण सर्व एक असतो, घरात सुधारणा करू गेल्यास मात्र आपल्याच माणसांशी झगडावे लागते. मुत्सद्दी म्हणून ह्या विचारात शहाणपण आहे. परंतु हाच विचार घराच्या उंबरठ्याच्या आत आणला की काय होते, हे १८९३ साली दिसले. संमतिवयाच्या कायद्यास १८९१ साली पाठिंबा देणाऱ्या तेलंगांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न लावले. वडीलधाऱ्यांचा आग्रह होता असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. परशुरामभाऊंच्या बाजूनेही दुसरे काय सांगतात? परशुरामभाऊंची कथा ज्याने वेचली, त्याने वर्षाच्या आत तिचा शेवट आपल्या घरी पुन्हा घडविला. तरुणपणी हे प्रथम कळले तेव्हा मी तेलंगांचे नाव मनातून पुसून टाकले होते, आणि त्यात मला मोठा पुरुषार्थ वाटला होता. पुढे माझ्याच घरी एका कार्यात वडीलधाऱ्यांच्या इच्छेपुढे मी मुकाट्याने मान तुकविली. प्रसंग क्षुल्लक होता, पण तेव्हापासून तो पुरुषार्थ मी मिरवीत नाही.

तरी क्षमा करावी असेही मी म्हणत नाही. त्या काळी सर्वच असे करीत, हे उत्तर तेलंगांस लागू पडत नाही. सर्वच असे करीत नव्हते, हे बखरींतून दाखविणारे तेच होते. त्यांच्या विरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा त्यांच्याच निबंधात आहे, आणि म्हणूनच तो निबंध वाचावयाचा, असे त्या मुलीस मी आता सांगेन. लेखक घरी कच्चा निघाला म्हणून त्याचा पुरावा कच्चा ठरत नाही.

तिला आणखी एक गोष्ट वाचावयास देईन, कारण ती तिच्या धंद्यातील आहे. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी हा फुल बेंचपुढे चाललेला खटला: बाप आपल्या बापाशी वा भावांशी एकत्र राहत असता, बापाच्या मर्जीविरुद्ध मुलास वाटणी मागता येते की नाही, एवढाच मुद्दा. इतर न्यायाधीशांनी ‘नाही’ म्हटले. तेलंगांनी मिताक्षरेचा अर्थ लावीत ‘मागता येते’ असे निराळे मत लिहिले, आणि ते एकटे पडले. घरातल्या वडिलांपुढे धाकट्याचा हक्क किती, हा प्रश्न कोर्टात त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर हे आहे. पुढच्या रविवारी त्या निकालपत्राची प्रत मी बरोबर नेणार आहे. निबंधातील परशुरामभाऊंचे पान तिने वाचावे, आणि हे मत मी वाचावे, असे ठरले आहे.