आधी वाचक, मग विक्री

स्वखर्चाने पुस्तक छापावे, प्रकाशन समारंभात आप्तेष्टांना प्रती द्याव्यात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर ठेवावेत, हा बृहन्महाराष्ट्रातील अनेक लेखकांचा अनुभव आम्हांस अपरिचित नाही. आंतरजालावरील विक्रीमुळे आता इंदूरचे पुस्तक बेळगावच्या वाचकाला घरबसल्या मागवता येते. अंतराचा प्रश्न त्यामुळे सुटला. वाचकाचा मात्र सुटलेला नाही.

या संदर्भात अँडी वीअर या अमेरिकी लेखकाची ‘द मार्शियन’ ही कादंबरी उद्बोधक ठरते. त्याने ती प्रथम आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य दिली. वाचकांनी त्यातील वैज्ञानिक चुका दाखविल्या. त्याने त्या दुरुस्त केल्या. वाचकांच्याच आग्रहावरून २०११ मध्ये ती किंडलवर ९९ सेंटला उपलब्ध झाली. २०१४ मध्ये प्रस्थापित प्रकाशनसंस्थेने ती छापली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला.

या यशाचे श्रेय अल्प किमतीला देणे सोपे आहे. आमच्या मते वाचक आधी, दुरुस्ती नंतर आणि विक्री शेवटी, या क्रमातच त्याचे मर्म आहे. आपल्याकडे हा क्रम उलटतो. पुस्तक विक्रीस लागताच स्नेह्यांकडे पाच ताऱ्यांची मागणी होते, आणि पुस्तक न उघडताच ती पुरीही केली जाते. अशी भिडेची स्तुती चार ग्राहक मिळवून देईल. चूक दाखविणारा वाचक देणार नाही. म्हणून लेखकाने छपाईपूर्वीच एखादे प्रकरण मंडळाच्या बैठकीत वाचावे आणि श्रोत्यांकडे अभिप्रायाऐवजी हरकती मागाव्यात, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.