शंभर खुणांचे प्रशिक्षण

अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षक यांच्यासाठी होणारी सांकेतिक भाषेची काही प्रशिक्षणे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मला पाहायला मिळाली. स्वरूप साधारण सारखेच. एक किंवा दोन दिवस, एखादे सभागृह, पडद्यावर चित्रफिती. आई, बाबा, पाणी, दूध, गाय, लाल, हिरवा, आठवड्याचे वार, एक ते दहा आकडे. जेवणानंतर खुणांसह एखादे बडबडगीत, शेवटी खुणांमधून राष्ट्रगीत आणि प्रमाणपत्रे. मंडळी मन लावून शिकतात. सेविकांना तर हावभावांसह गाणी म्हणायची सवयच असते, त्यामुळे त्यांचे हात शिक्षकांपेक्षा लवकर वळतात. हेतू चांगला आहे, याविषयी शंका नाही. तरीही या पद्धतीवर टीका करणे आवश्यक वाटते. कारण 'आम्ही सांकेतिक भाषा शिकलो' असे समजून माणसे घरी जातात आणि वर्गातले कर्णबधिर मूल जिथे होते तिथेच राहते.

एखाद्या परदेशी पाहुण्याने मराठीतली शंभर नामे पाठ केली, तर त्याला मराठी येते असे आपण म्हणू का? 'काल पाऊस होता म्हणून आई आली नाही' एवढे साधे वाक्यही त्याला जमणार नाही. प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या शिक्षकाला हेच वाक्य खुणांनी सांगायला लावून पाहावे. तो पाऊस, आई अशा सुट्या खुणा करील आणि 'म्हणून'पाशी अडेल.

सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असते, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून दाखवले. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर येथील खुणा नोंदवायला सुरुवात केली. पुढे उलरिके झेशान यांनी दिल्ली आणि कराची येथील कर्णबधिरांच्या भाषेचे व्याकरण तपासले. शब्द गावोगाव काहीसे बदलतात, पण वाक्याची घडण फारशी बदलत नाही, असे या कामातून दिसते. भारतीय सांकेतिक भाषेत 'कुठे', 'काय' हे प्रश्नशब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात, नकारही शेवटी येतो. हो किंवा नाही असे उत्तर हवे असेल, तर भुवया उंचावतात आणि डोके किंचित पुढे येते. म्हणजे चेहरा हा इथे व्याकरणाचा भाग आहे. 'देणे' या क्रियापदाची खूण माझ्याकडून तुझ्याकडे गेली की 'मी तुला दिले', उलट दिशेने आली की 'तू मला दिलेस'. आपण मराठीत जे काम विभक्तिप्रत्ययांकडून करून घेतो, ते इथे हाताच्या दिशेने होते. शब्दयादीच्या प्रशिक्षणात नेमका हाच भाग गळतो.

या प्रशिक्षणांत ज्याचा सर्रास आधार घेतला जातो, त्या शब्दकोशाविषयीही लिहिले पाहिजे. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झाले. त्याचा चित्रफितींचा कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०१९ मध्ये ६,००० आणि २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. काम मोठे आहे आणि ते फुकट उपलब्ध आहे. पण कोशाचा दरवाजा बोलीभाषेच्या बाजूने उघडतो. आधी शब्द, मग त्याची खूण. समोरच्या मुलाने केलेली खूण कोणती, हे शोधायचे असेल तर शिक्षकाला त्यात वाट नाही. तेव्हा हा कोश बोलणाऱ्याला मदत करतो, ऐकणाऱ्याला, खरे तर पाहणाऱ्याला, फारशी नाही. आणि वर्गात शिक्षकाचे निम्मे काम मुलाचे समजून घेण्याचे असते. कोश हा कोश म्हणून वापरावा. त्याचे पाठ्यपुस्तक केले की शंभर खुणांचे प्रशिक्षण तयार होते. ६ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम ई-विद्या वाहिनी क्रमांक ३१ वर या भाषेतील कार्यक्रम असतात. निदान वाक्ये पाहण्यासाठी त्यांचा उपयोग कोशापेक्षा अधिक होईल.

आता लहान वयाचा मुद्दा. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅनडातील लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळे दहा ते चौदा महिन्यांच्या वयात हातांनी 'बा-बा-बा' करताना आढळली. ऐकणारे बाळ जसे अर्थहीन अक्षरे घोळवते, तशी ही बाळे हातांचे आकार घोळवत होती. मेंदूला भाषा हवी असते. ती कानातून येते की डोळ्यांतून, यावर तो अडून बसत नाही. पण वेळेवर अडून बसतो. रेचल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले, की ज्यांना बालपणी कोणतीच भाषा नीट मिळाली नव्हती अशा जन्मजात कर्णबधिरांना मोठेपणी सांकेतिक भाषाही चांगली साधली नाही. उलट ज्यांना बालपणी सांकेतिक भाषा मिळाली, ते पुढे इंग्रजी, दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या ऐकत्या माणसांच्या तोडीने शिकले.

'खुणा शिकवल्या तर मूल बोलायचे सोडून देईल' ही भीती पालक आणि काही शिक्षकही बोलून दाखवतात. तिचे मूळ जुने आहे. १८८० साली मिलान येथील परिषदेत, जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकते असताना, शाळांतून खुणा हद्दपार करण्याचे ठराव झाले. त्याच परंपरेतील व्हँकुव्हरच्या परिषदेने २०१० साली त्याबद्दल खेद व्यक्त केला. मधली १३० वर्षे गेली. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट जरूर करावे, लवकर करावे. मात्र त्याचा फायदा प्रत्येक मुलाला सारखा होत नाही, आणि तो होईपर्यंतची वर्षे मुलाने भाषेविना काढावीत असे कोणत्याच संशोधनातून निघत नाही.

म्हणूनच सेविकेचे स्थान मोक्याचे आहे. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकते असतात. त्यांनी सांकेतिक भाषा कधी पाहिलेली नसते. घराबाहेरची पहिली जाणती बाई मुलाला भेटते ती अंगणवाडीत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची असते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी नियमावलीही काढली. मूल हुडकून पुढे पाठवण्याची व्यवस्था कागदावर तरी आहे. पण पाठवल्यानंतरच्या दिवसांत, रोज सकाळी त्या मुलाशी बोलायचे कसे? 'पोषण भी पढाई भी'चे सेविकांसाठीचे प्रशिक्षण तीन दिवसांचे. त्यात सगळेच विषय. भाषा तीन दिवसांत येत नाही, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही.

आपल्या भागातील शिक्षकांना खरे तर हा प्रश्न परका नाही. फलटणच्या बोलींचा अभ्यास करून मॅक्सीन बर्नसन यांनी पुढे तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात मान दिला. जत तालुक्यात कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुले शिकवणारे गुरुजी रोज दोन भाषांचा व्यवहार करतात. घरची भाषा हा शाळेच्या भाषेकडे जाण्याचा रस्ता आहे, हे त्यांना ठाऊक आहे. कर्णबधिर मुलाची अडचण एवढीच, की त्याच्या घरी ती भाषा नसतेच. शाळेलाच ती द्यावी लागते.

ती एकट्या मुलाला देता येत नाही. निकाराग्वातील मानाग्वा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले प्रथमच शाळेत एकत्र आली. प्रत्येकाकडे घरगुती मोडक्या खुणा होत्या. मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये त्या खुणा एकमेकींत मिसळल्या, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी त्यांतून व्याकरण असलेली भाषा घडवली. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातील वाडीत एकटे असलेले मूल हे करू शकत नाही. सेविकेने शंभर खुणा शिकल्या तरी ते एकटेच राहते.

म्हणून मला दोन गोष्टी हव्याशा वाटतात. शिकवणारी व्यक्ती कर्णबधिर असावी. कर्णबधिर उमेदवारांसाठी सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका आता आहे, आणि ही भाषा रोज वापरणारे प्रौढ कर्णबधिर साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत सापडतील. अशा व्यक्तीने दोन दिवस येऊन जाण्याऐवजी बीटच्या मासिक सभेत वर्षभर तासभर यावे, आणि ते मानधन घेऊन. समाजसेवा म्हणून फुकट नको. दुसरे, बीटमधील किंवा शेजारच्या दोन बीटमधील कर्णबधिर मुले आणि त्यांच्या आया आठवड्यातून एकदा तरी एकत्र याव्यात. जत किंवा पाटणसारख्या तालुक्यांत अंतरे मोठी आहेत. आईचे एसटीचे भाडे आणि तिचा बुडालेला रोज कोणत्या खर्चात बसवायचा, हे आधी ठरवावे लागेल.