स्पर्धा कायद्यातील सामूहिक नुकसानभरपाईचा दावा : हिवरे बाजारच्या अनुभवाच्या प्रकाशात एक चिकित्सा

प्रस्तावना

उत्पादकांनी आपसांत संगनमत करून मालाची किंमत वाढविल्यास समाजाचे होणारे एकूण नुकसान प्रचंड असते. परंतु ते असंख्य ग्राहकांत विभागले जात असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला अल्पच येते. सिमेंटच्या गोणीमागे काही रुपये जादा गेले म्हणून कोणी दिल्लीपर्यंत दावा लढवीत नाही. या अडचणीवर सामूहिक दावा हा उपाय मानला जातो. भारतीय स्पर्धा कायद्यात तशी तरतूद असूनही ती सामान्य ग्राहकाच्या हाती का लागत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचा जलव्यवस्थापनाचा अनुभव निकष म्हणून घेतला आहे.

तरतुदीचे स्वरूप

ही कल्पना नवी नाही. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ मध्ये १९८४ साली कलम १२ बी समाविष्ट झाले, तेव्हाच समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकाने अर्ज करण्याची मुभा मिळाली होती. स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये २००७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५३ एन ने तीच वाट पुढे नेली. अशा अर्जास अपील न्यायाधिकरणाची परवानगी लागते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ लागू होतो. २०१७ पासून हे काम राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे आहे. विशेष म्हणजे अर्जदारांच्या यादीत केंद्र व राज्य शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणाचाही उल्लेख आहे. स्वतःचा ग्रामनिधी सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतीलाही त्यात स्थान मिळू शकते.

तरतुदीच्या मर्यादा

पहिली मर्यादा काळाची आहे. उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष आधी निघाल्याखेरीज भरपाईचा अर्ज करता येत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. २०१५ मध्ये तो आदेश रद्द झाला. फेरसुनावणीनंतर ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड ठोठावला, जुलै २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. इतक्या वर्षांत ज्याने गोणी विकत घेतली त्याच्याकडे पावती उरणे कठीणच.

दुसरी मर्यादा दंडाच्या मार्गाची आहे. कलम ४७ नुसार दंडाची वसूल रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. म्हणजे नाडलेल्या ग्राहकाच्या खिशातून गेलेला पैसा दंडरूपाने वसूल झाला तरी त्याच्याकडे परत येत नाही. परतीची वाट कलम ५३ एन हीच आहे.

तिसरी मर्यादा खर्चाची व पुराव्याची आहे. आदेश १, नियम ८ अन्वये सर्व संबंधितांना नोटीस देण्याचा खर्च दावा आणणाऱ्यावर पडतो. अमेरिकेत क्लेटन कायद्यानुसार तिप्पट भरपाई मिळते व वकिलाला निकालावर अवलंबून शुल्क घेता येते. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी तसे शुल्क निषिद्ध आहे. शिवाय संगनमत नसते तर किंमत किती राहिली असती, हे सिद्ध करावे लागते. गावातील बंधाऱ्याचे सिमेंट ठेकेदाराने घेतले आणि बिल ग्रामपंचायतीने चुकते केले, तर नुकसान नेमके कोणाचे, याचे स्पष्ट उत्तर कायदा देत नाही.

हिवरे बाजारचा निकष

पर्जन्यछायेतील या गावातही नुकसानीचे स्वरूप असेच विखुरलेले होते. एका शेतकऱ्याने खोल विंधन विहिरीतून उपसा केला तर शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी किंचित उतरते. कोणा एकाला भांडण मांडावेसे वाटत नाही, आणि काही वर्षांत सारे गाव कोरडे पडते. १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणलोटाची कामे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान स्वीकारले. शेतीसाठी विंधन विहिरी आणि ऊस-केळीसारखी पिके वर्ज्य केली. यामागे निर्धार होताच, पण त्याला मोजमापाची जोड होती. पावसाची नोंद व विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून ग्रामसभा पिकांचा विचार करते. एकेकट्याचे अदृश्य नुकसान नोंदीमुळे सर्वांना दिसू लागले, म्हणून ते सर्वांचे झाले.

ही तुलना मर्यादेतच घ्यावी लागेल. गावात माणसे एकमेकांना ओळखतात, ग्रामसभेत समोरासमोर बसतात. सिमेंटचे ग्राहक मात्र परस्परांना अनोळखी असतात. म्हणूनच गावात जे काम ओळखीने व ग्रामसभेने होते, ते बाजारात कायद्याने करणे भाग आहे. नेमके तेथेच कलम ५३ एन अपुरे ठरते. ते एकत्र येण्याची परवानगी देते, परंतु एकत्र येण्याचे साधन, म्हणजेच नुकसानीची नोंद, पुरवीत नाही.

निष्कर्ष

केवळ कलम असणे पुरेसे नाही. आयोगाने उल्लंघनाच्या आदेशातच बाधित काळ, प्रदेश व जादा आकारणीचा अंदाज नमूद केल्यास प्रत्येक अर्जदारावरील पुराव्याचा भार हलका होईल. नोटिशीचा खर्च दंडाच्या रकमेतून भागविण्याची तरतूद व्हावी. ग्रामपंचायतींनी सिमेंट, पाइप, वीजसाहित्य यांच्या खरेदीची बिले दरासह दीर्घकाळ जपावीत. शेतकऱ्यांनीही खते-औषधांच्या पावत्या व बाजार समितीतील हिशोबपट्ट्या सांभाळाव्यात. खरेदीदारांचे संगनमतही कलम ३ च्या कक्षेत येते, हे कांदाउत्पादकाने विसरू नये. सामूहिक दावा न्यायाधिकरणात दाखल होत असला, तरी त्याचा पाया गावातील नोंदवहीतच घातला जातो.