वेगळ्या चुलीचा धीर

गडचिरोली जिल्ह्यात कोरचीच्या पुढे गेलं की छत्तीसगड लागतं आणि राजनांदगाव तिथून फार लांब नाही. त्या राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी चर्चमध्ये, आमच्या चंद्रपूरकडेही, ज्यांची गीतं गातात ते हेच टिळक. पण श्रद्धेने माणसाला धीर येतो तो कसा, हे मला त्या गीतांहून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात जास्त उमगलं. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक आपण विनोदासाठी वाचतो. त्यातली शांती मात्र नजरेतून निसटते.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. त्यांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं वाणसामान धुतल्याशिवाय घरात यायचं नाही. बाई हे हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली भीती आहे: विटाळाची, माणसांच्या स्पर्शाची. ही भीती घेऊनच मुलगी सासरी आली. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा तिच्यावर आकाशच कोसळलं. काही वर्षं ताटातूट, मग नगरला येणं, तेही वेगळी चूल आणि वेगळं पाणी ठेवून.

इथे टिळकांकडे बघावं. शीघ्रकोपी माणूस, हाती पैसा आला की वाटून मोकळा होणारा, कुठल्याच गोष्टीला दम न धरणारा. तो या एका बाबतीत मात्र थांबतो. बायकोने धर्म बदलावा म्हणून तिला ओढत नाही. तिची चूल वेगळी तर वेगळी. एरवीचा त्यांचा उतावळेपणा बाईंनी इतक्या बारकाईने रंगवला आहे की हे थांबणं वाचकाला आपोआप मोठं वाटू लागतं. त्यासाठी कौतुकाचा एकही शब्द त्यांना खर्चावा लागत नाही.

आणि मग तो दिवस येतो. बाई एकट्याच विचार करत बसतात: जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर सापडतं, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्या मोकळ्या होतात. ना साक्षात्कार, ना अश्रू. वडिलांच्या घरचं धुतलेलं वाणसामान ज्याच्या लक्षात आहे त्याला इथे एका पिढीची भीती गळून पडताना दिसते. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. आधी मन निवलं, विधी मागून आला. माझ्या मते पुस्तकाचं मर्म या क्रमात आहे. शेजारच्या घरात काय झालं ते सांगावं तितक्या सहज बाई हे सांगतात, आणि म्हणूनच ते खरं वाटतं.

हा धीर पुढेही कामी आला. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं. कधी शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईने त्याचे ६४ अध्याय लिहिले.