उपनगरी विणकामाची कैफियत

मुंबईची थंडी माणसाच्या अंगावर येण्याआधी वर्तमानपत्रात येते आणि पुष्कळदा तेथूनच परत जाते. सांताक्रूझच्या वेधशाळेने 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली, तो नीचांक अद्याप मोडलेला नाही. एरवी जानेवारीतल्या पहाटेही पंधरा-सोळा अंशांवर पारा खिळून राहतो आणि नऊ वाजता उकडू लागते. असे असताना अंधेरी-बोरिवलीकडच्या किंवा घाटकोपर-मुलुंडकडच्या मध्यमवर्गीय वस्तीत, जेथे कपाटाच्या वरच्या कप्प्यात लोकरीच्या गुंड्यांची पिशवी आणि सुयांचा जोड नाही असे घर, निदान एका पिढीपूर्वी, मुद्दाम शोधावे लागले असते. ज्या कलेला हवामानाचा आधार नाही ती इतकी वर्षे टिकली, त्या अर्थी तिचा आधार अन्यत्र असला पाहिजे. तो कोठे आहे आणि त्याच्या बळावर ही कला आज कोणत्या अवस्थेस पोहोचली आहे, याचा विचार येथे योजिला आहे.

महाराष्ट्राला लोकर नवी नाही. धनगरांची दख्खनी मेंढी, तिच्या राठ लोकरीचे सूत, त्या सुताला दिलेली चिंचोक्याची खळ आणि सणगरांच्या मागावर उतरणारी घोंगडी ही परंपरा पुरातन आहे. परंतु ते मागावरचे काम. दोन सुयांवर किंवा एका आकडीवर अखंड धाग्याचे टाके गुंफीत जाण्याची विद्या आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांच्या शाळांतून आणि गोऱ्या अंमलदारांच्या घरांतून आली. सुधारकांनी ती स्त्रीशिक्षणाच्या कार्यक्रमात दाखल करून घेतली. 1908 साली मुंबईत स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण आणि हस्तकला यांना साक्षरतेच्या जोडीने स्थान दिले. पुढे शाळेच्या वेळापत्रकात हस्तकलेचा तास आला, कोठारी आयोगाच्या (1964-66) शिफारशीनंतर त्यालाच कार्यानुभव हे भारदस्त नाव मिळाले आणि सुलट टाका व उलट टाका हे दोन शब्द मुलींच्या कानी पाढ्यांइतक्याच नियमाने पडू लागले. ज्या 1962 सालाचा आरंभ त्या विक्रमी गारठ्याने झाला, त्याच वर्षाअखेरीस चीनच्या आक्रमणाच्या वेळी देशभरच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले; स्वतःच्या हवेला नको असलेल्या या कसबाला तेव्हा प्रथमच हिमालयाएवढे प्रयोजन लाभले.

परंतु युद्धे रोज होत नाहीत. शांततेच्या काळात या कलेला आश्रय दिला तो बाळंतविड्याने आणि रुखवताने. कुंची, झबले, टोपडे, मोजे आणि दुपटे हा पहिल्याचा ऐवज. दुसऱ्याचा ऐवज म्हणजे क्रोशाचे तोरण, टीपॉयवरचा गोल रुमाल, पाण्याच्या तांब्यावर टाकायची कडेला मणी ओवलेली जाळी आणि दूरदर्शन संचाची घराघरांत प्रतिष्ठापना झाल्यावर त्याच्या मस्तकी चढलेले झालरदार आच्छादन. रुखवत हे वस्तुतः या कलेचे एकमेव सार्वजनिक प्रदर्शन होते, आणि तेथील परीक्षकमंडळ असे की ज्याच्यासमोर मौलिकतेपेक्षा नीटनेटकेपणाला गुण अधिक मिळत. मुलीने वस्तू केल्या हे सिद्ध झाले पाहिजे, त्या तिला सुचल्या हे सिद्ध करण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही. आजच्या उपनगरी विणकामाच्या गुणदोषांचे मूळ मला येथेच दिसते.

आकाराची मर्यादा मात्र घातली लोकलगाडीने आणि दोन खोल्यांच्या घराने. चर्चगेट ते बोरिवली हे सुमारे 34 किलोमीटरचे अंतर धिम्या गाडीने तासाहून अधिक खाते. त्या तासात महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळालेली स्त्री भाजी निवडते, पोथी वाचते किंवा विणते. मांडीवर पसरणारी चादर तेथे विणता येत नाही, पर्समध्ये मावेल असा वीतभर चौकोन विणता येतो. असे चौकोन आठवडाभर साठवावेत आणि रविवारी घरी जोडावेत ही कामाची रीत उपनगरांना सोयीची पडली ती यामुळे. महसुली दफ्तराप्रमाणे मुंबई उपनगर जिल्ह्याचे अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही कुर्ला तालुक्यात मोडतात. कलेची विभागणी मात्र तालुक्यांप्रमाणे न होता वस्तीप्रमाणे झाली. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती व कच्छी घरांतून मोतीकामाच्या तोरणांची आणि भिंतीवरच्या चाकळ्यांची सौराष्ट्री परंपरा आली; अंधेरीच्या ईस्ट इंडियन गावठाणांतून आणि बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतून मेजपोस व वेदीवरच्या वस्त्राला लावायच्या क्रोशाच्या किनारीचा नाजूकपणा आला. आणि मराठी घरांनी बाळंतविडा सांभाळला. इतकी भिन्न कसबे एकाच गाडीतून शेजारी बसून प्रवास करतात, पण त्यांचा संकर फारसा झालेला नाही, ही या क्षेत्रातील पहिली उणीव होय.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. हाताची सफाई येथे विपुल आहे, आराखड्याची सवय नाही. विणकरीण नमुन्याबरहुकूम चालते. पूर्वी तो नमुना मासिकाच्या पानावरून किंवा शेजारणीच्या तुकड्यावरून येई, आता तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चलच्चित्राच्या रूपाने येतो आणि अक्षरशः टाक्यामागून टाका उतरवून घेतला जातो. छापील नमुना वाचताना निदान कंसातील टाके कोठून कोठपर्यंत पुन्हा घ्यायचे याचा हिशेब करावा लागे. चित्रफितीने तेवढाही बुद्धीचा व्यापार अनावश्यक ठरविला. परिणामी वरळीपासून वसईपर्यंत एकच सूर्यफुलाचा रुमाल आढळतो.

या परावलंबनाचा पहिला बळी म्हणजे धाग्याची निवड. बाजारात सहज मिळते ती लुधियानाकडची अ‍ॅक्रिलिक लोकर, जिला आपल्या घरांतून दीर्घकाळ सरसकट कॅशमिलॉन म्हणत. तिचे गुण नाकारता येणार नाहीत: ती स्वस्त आहे, रंगीत आहे, घरी धुता येते आणि तिला कसर लागत नाही, जे पावसाळी मुंबईत लहान भाग्य नव्हे. परंतु हवेतील ओलावा शोषून घेण्याची तिची शक्ती जेमतेम दीड-दोन टक्के. कापसाची सुमारे साडेआठ आणि खऱ्या लोकरीची सोळाच्या आसपास. म्हणजे ज्या हवेत घाम हाच बारमाही सोबती, तेथे आम्ही घाम न टिपणारे सूत निवडतो. आणि हे त्या शहरात, जेथे कावसजी दावर यांनी 1854 साली पहिली कापडगिरणी स्थापन केली व जेथील कित्येक पिढ्यांचे पोट कापसाच्या सुतावर भरले. सुती धाग्याचा ताण वेगळा. तो लोकरीप्रमाणे लवचीक नसतो, ओला झाला की जड होतो आणि लांब शालीत स्वतःच्या भाराने खाली ओघळतो. त्यासाठी वीण बदलावी लागते, काठ घट्ट ठेवावा लागतो, मधल्या जाळीची भोके लहान करावी लागतात. तयार नमुन्यात हे लिहिलेले नसते, म्हणून सुती शाल फसते, आणि दोष धाग्याच्या माथी मारला जातो. इकडे मुलुंडचा नाका ओलांडला की ठाण्यात लोकरीवरच संशोधन करणारी संस्था आहे, पलीकडे घाटावर दख्खनी मेंढ्यांचे कळप आहेत. ती राठ लोकर गळ्याभोवती सोसवणार नाही हे खरे, पण बैठकीचे आसन, लोडाचा अभ्रा आणि भिंतीवरचा पट यांसाठी तिच्याइतकी योग्य वस्तू दुसरी कोणती? गृहसजावटीची उपनगरी कल्पना मात्र अद्याप गुलाबी झालरीतून बाहेर पडावयास राजी नाही.

आराखडा परक्या ठिकाणाहून आणण्याचे कारणही वास्तविक नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या स्त्रीला आलेखाची भाषा उपजतच अवगत असते. ‘पंधरा ते आठ’ ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मधली ओळ पंधराची आणि दोन्ही अंगांनी एकेक कमी होत आठावर येणारी, म्हणजेच आठ ठिपक्यांच्या बाजूचा शुद्ध षट्कोन. आणि क्रोशाच्या गोलात मुक्या खांबाच्या दर फेरीला सहा टाके वाढविले म्हणजे जो आकार सपाट बसतो, ती वाढ प्रत्येक वेळी त्याच जागी घेतल्यास तोही षट्कोनच होतो. अंगणातील आकृती आणि आकडीवरील आकृती यांचे गणित असे एकच असताना ती एकमेकींना अनोळखी राहिली. सुयांवरच्या कामात येथे एक खोच आहे, ती जाणत्यांनीही ध्यानात घ्यावी: साध्या सुलट विणीतला टाका चौरस नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो, पाच टाक्यांची रुंदी साधारणपणे सात ओळींच्या उंचीइतकी भरते. म्हणून चौकटीच्या कागदावर उतरविलेली रांगोळी जशीच्या तशी विणली तर कमळ चेपलेले दिसते. आधी वीतभर तुकडा विणून टाके आणि ओळी मोजाव्यात व त्या प्रमाणात कागदावरच्या चौकटी आखाव्यात, एवढाच उपाय. परंतु तुकडा विणून मोजणे म्हणजे लोकर वाया घालविणे अशी समजूत या कलेत फार रूढ आहे.

शालीच्या बाबतीत ही गणिताची अनास्था सर्वाधिक महागात पडते, कारण शाल म्हणजे भूमितीच. मानेपाशी तीन टाक्यांनी आरंभ करून दर दुसऱ्या ओळीला चार टाके, दोन कडांना दोन आणि मधल्या कण्याच्या दोन बाजूंना दोन, वाढवीत गेले की त्रिकोणी शाल आपोआप खांद्यांवर बसते. गोल शालीचे सूत्र तर याहून सुंदर. जन्माने इंग्रज असलेल्या एलिझाबेथ झिमरमन या विणकरणीने वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो या शालेय सिद्धांतावर आपली शाल उभारली: नऊ टाक्यांपासून सुरुवात, अठरा, छत्तीस, बहात्तर अशी दुप्पट, आणि प्रत्येक दुपटीनंतरच्या साध्या फेऱ्या तीन, सहा, बारा, चोवीस अशा त्याही दुप्पट, मधल्या पट्ट्यांत कोणती जाळी विणावी याची विणणारीस पूर्ण मुभा. सूत्र दिले आणि नमुना दिला नाही, यात त्या बाईंचे मोठेपण आहे. आमच्याकडच्या शिकवणीवर्गांतून नेमके उलट घडते: नमुना दिला जातो, सूत्र गुलदस्त्यात राहते. वस्तुतः काठ, अंग आणि पदर ही वस्त्राची त्रिविध रचना लुगड्याने आम्हांला शतकानुशतके शिकविली आहे. काठ सलग, अंग विरळ बुट्ट्यांचे आणि पदर भरगच्च, हे तत्त्व विणलेल्या सुती शालीस लावून पाहिले तर जी वस्तू निर्माण होईल ती शेटलंड बेटांवरच्या जाळीदार शालींची नक्कल खासच नसेल.

आता मोबदल्याचा मुद्दा. या कामास ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणण्याची वहिवाट निष्पाप नाही. आंध्रातील नरसापूरच्या क्रोशा-लेसचा अभ्यास करून मारिया मीस यांनी 1982 साली ग्रंथ लिहिला, त्याचा निष्कर्ष असा की जगाच्या बाजारात माल पाठविणाऱ्या त्या स्त्रिया ‘गृहिणी’ म्हणून ओळखल्या गेल्याने त्यांच्या श्रमाला श्रमाचा भावच मिळाला नाही. उपनगरांतील महिला मंडळांच्या दिवाळी प्रदर्शनात वस्तूवर जी किंमत लिहिलेली असते, ती बहुधा लोकरीची किंमत अधिक संकोच एवढीच असते. दुसऱ्या टोकाला प्रसिद्धीची भूक आहे. चेन्नईत जानेवारी 2016 मध्ये देशभरच्या स्त्रियांनी चौकोन जोडून 11,148.5 चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण सिद्ध केले व जागतिक विक्रमाची सनद मिळविली. त्या संघटनेचे कौतुक करावे तितके थोडे. पण विक्रम क्षेत्रफळाचा आहे, कल्पनेचा नाही, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे. ज्या कलेची थोरवी मोजण्यास चौरस मीटर लागतात, तिने आपला मानदंड अद्याप घडविलेला नाही.

तो मानदंड घडविण्याची साधने उपनगरांत आहेत. जुहूला महर्षी कर्वे यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या परिसरात वस्त्रविद्येचे शिक्षण चालते. पार्ल्यात 1923 पासून लोकमान्य सेवा संघ उभा आहे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे. अशा संस्थांनी प्रदर्शनांतील बक्षिसांचा एकच नियम बदलावा: वस्तूबरोबर तिचा आराखडा, मोजलेला तुकडा आणि लागलेल्या तासांचा तपशील यांची वही दाखल केल्याखेरीज वस्तू परीक्षणास घेऊ नये. त्याने नक्कल थांबणार नाही, पण नक्कल आणि निर्मिती यांतला भेद प्रथमच कागदावर येईल.

आणि मागणीचे काय? महाराष्ट्रात शालीला तोटा नाही. आमच्या प्रत्येक सभेत, वर्धापनदिनी आणि निवृत्तीसमारंभात शाल आणि श्रीफळ असतेच. ती शाल घाऊक भावाने गठ्ठ्यातून येते, पाहुणा ती घरी नेऊन दुसऱ्याच्या सत्कारासाठी जपून ठेवतो, आणि सभागृहाच्या पहिल्या रांगेत त्याहून सरस शाल विणू शकणाऱ्या दहा स्त्रिया टाळ्या वाजवीत असतात. हाताने विणलेल्या जाळीदार शालीस चाळीस-पन्नास तास लागतात. तासाला शंभर रुपये धरले तरी किंमत चार-पाच हजारांवर जाते. मंडळांच्या जमाखर्चात एवढी रक्कम बसत नाही, हे मला मान्य आहे. परंतु विणणारीचे नाव जाहीर करून आणि तिचा पुरा मोबदला चुकता करून वर्षाकाठी अशी एकच शाल द्यावयाची ठरली, तर उपनगरांना स्वतःची अशी शाल मिळेल आणि सत्कारांची संख्या बरीच घटेल. या दुसऱ्या परिणामाबद्दल हळहळणारे लोक फारसे भेटतील असे वाटत नाही.