‘सद्गति’ : कथा आणि चित्रपट

एखाद्या नामांकित कथेवरून चित्रपट निघाला म्हणजे रसिकांत एक ठरलेला वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, चित्रपटानें कथेचा आत्मा घालविला. दुसरा म्हणतो, कागदावर जें निर्जीव होतें तें पडद्यावर सजीव झालें. दोन्ही पक्ष बहुधा एकच हिशेब करीत असतात : कथेंतील प्रसंग राखले किती आणि गाळले किती. परंतु प्रसंग जवळजवळ सगळे राखूनहि कथेचा अर्थ पालटूं शकतो. प्रेमचंदांची ‘सद्गति’ ही कथा आणि सत्यजित राय यांनीं १९८१ सालीं दूरदर्शनसाठीं तिच्यावरून काढलेला चित्रपट हीं दोन्ही शेजारीं ठेवून पाहिलीं असतां याची खात्री पटते.

कथा १९३०-३१ च्या सुमाराची. दुखी नांवाच्या चर्मकाराला मुलीच्या सोयरिकीसाठीं मुहूर्त काढून हवा असतो. नजराणा म्हणून गवताचा भारा घेऊन तो घासीराम पंडिताच्या दारीं जातो. पंडित त्याला दार झाडणें, बैठक सारवणें, भुसा वाहणें आणि गांठीचा एक जाड ओंडका फोडणें अशीं कामें सांगतो. दुखी सकाळपासून उपाशी आहे; शिवाय त्याला गवत कापण्याची संवय, लाकूड फोडण्याची नव्हे. अखेर ओंडका दुभंगतो, आणि त्याबरोबर दुखीहि कोसळून मरतो. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडतें. चर्मकारवस्तीतला एकहि पुरुष तें उचलावयास येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं पंडित स्वतःच प्रेताच्या पायांत दोरीचा फांस अडकवून तें गांवाबाहेर ओढीत नेतो.

राय यांनीं १९७७ सालीं प्रेमचंदांच्याच ‘शतरंज के खिलाडी’ या कथेचा चित्रपट केला, तेव्हां वाजिद अली शहाचा दरबार आणि इंग्रजांचें राजकारण यांचा मोठा विस्तार त्यांत आणला, शेवटहि बदलला. कथेंत दोघे मित्र एकमेकांच्या तलवारीनें मरतात. चित्रपटांत ते जिवंत राहून पुन्हा डाव मांडतात. ‘सद्गति’ला त्यांनीं असा हात लावला नाहीं. संवाद प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांच्या साह्यानें सिद्ध केले, आणि तासाभराच्या आंत चित्रपट संपविला. गांवांतील दशमुखी रावणाची मूर्ति ही एक भर त्यांनीं घातली आहे. तो संकेत मला अनावश्यक वाटतो. एरवीं कथेचा क्रम तोच आहे.

मग बदललें काय? बदलला तो सांगणारा. कथेंत प्रेमचंद क्षणभरहि गप्प बसत नाहींत. पंडिताच्या ईश्वरभक्तीचें वर्णन करतां करतां त्या भक्तीचा प्रारंभ भांग घोटण्यापासून होतो हें ते साळसूदपणें सांगून टाकतात. कथेचें नांवच उपरोधाचें आहे. आणि शेतांत पडलेल्या प्रेतावर कोल्हे, गिधाडें, कुत्रे, कावळे तुटून पडले असतां, आयुष्यभराच्या भक्तीचें फळ तें हेंच, अशा अर्थाचें वाक्य लिहून ते लेखणी खालीं ठेवतात. चित्रपटांत हा आवाज नाहीं. तेथें कोल्हेहि नाहींत, गिधाडेंहि नाहींत. प्रेत टाकून पंडित परत येतो, मृत्यूची जागा पाणी शिंपडून शुद्ध करतो, आणि चित्र थांबतें. वाचकाला प्रेमचंदांच्या रागांत आपला राग मिसळून मोकळें होतां येतें. प्रेक्षकाला ती सोय नाहीं. जें पाहिलें त्याचें काय करावयाचें तें त्याचें त्यानें ठरवावयाचें. येथें राय यांचा संयम मूळ लेखकाच्या उपरोधापेक्षां अधिक प्रभावी झाला आहे, असें मला वाटतें.

परंतु या लाभाची किंमतहि मोठी आहे. चिलमीसाठीं विस्तव मागावयास दुखी पंडिताच्या घरांत शिरतो, आणि पंडिताची बायको लांबूनच चिमट्यानें निखारा फेकते. तो त्याच्या डोक्यावर पडतो. दुखीला राग येत नाहीं. ब्राह्मणाचें घर आपण विटाळलें, त्याची शिक्षा देवानें लगोलग दिली, असें तो मानतो. माझ्या मतें साऱ्या कथेंत याहून भयंकर जागा नाहीं. दास्य पंडिताच्या अंगणांत नाहीं, तें दुखीच्या मनांत आहे, हें प्रेमचंद तेथें दाखवितात. पडद्याला मन दिसत नाहीं. त्याला चेहरा दिसतो. ओम पुरी यांचा चेहरा आणि त्यांचे कुऱ्हाडीचे घाव पाहतांना वाटतें कीं हा मनुष्य ओंडक्यावर नव्हे, दुसऱ्याच कोणावर तरी घाव घालीत आहे. कथेंतील दुखी भारल्यासारखा घाव घालतो. चित्रपटांतील दुखी संतापानें घालतो. पहिला दास म्हणून मरतो, दुसरा जवळजवळ बंडखोर म्हणून. प्रसंग तोच, अर्थ मात्र तोच राहिलेला नाहीं. प्रेक्षकाला हा संताप दिलासा देतो, आणि कथेनें हाच दिलासा आपणांस नाकारला होता.

नटवर्गांत दोघे आपल्याकडील आहेत. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकांत नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे येथें स्वतःच घासीराम झाले आहेत. त्यांनीं पंडिताला राक्षस केलें नाहीं; दुसऱ्याचे श्रम हे आपले जन्मसिद्ध देणें आहे असें समजणारा एक सुस्त गृहस्थ केलें, आणि तेंच खरें. झुरियाच्या भूमिकेंत स्मिता पाटील यांना शब्द थोडे आहेत. परंतु भर पावसांत पतीच्या प्रेतापाशीं त्यांनीं केलेला आक्रोश ऐकल्यावर शब्दांची उणीव भासत नाहीं.

आमच्या नागभीडकडील वाचकांस ही कथा अनेक खुणांनीं जवळची वाटेल. पंडिताला बसावयास खाट मिळणार नाहीं, म्हणून दुखी मोहाच्या पानांची पत्रावळ करावयाचें योजतो. मोठे लोक तीवर जेवतात, सबब ती पवित्र! चित्रपटाचें चित्रण झालें तेंहि गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडांत. गांठीचें लाकूड नुसत्या कुऱ्हाडीला दाद देत नाहीं, त्याला पाचर लागते, हें झाडीपट्टींत लहान पोरहि जाणतें. पंडित देतो ती फक्त कुऱ्हाड.

आणि या कथेंत एक गोंड आहे. त्याचें नांव चिखुरी; चित्रपटांत ती भूमिका छत्तीसगडचे भैयालाल हेडाऊ यांनीं केली आहे. आपल्या साहित्यांत गोंड येतो तो बहुधा नृत्यासाठीं, नाहीं तर अरण्याच्या शोभेसाठीं. येथें साऱ्या गांवांत शहाणा असा तोच एक आहे. तो दुखीला चिलीम देतो, खावयास कांहीं मिळालें का तें विचारतो, थोडा वेळ स्वतः कुऱ्हाड चालवून पाहतो, आणि हें फुटावयाचें नाहीं असें सांगून निघून जातो. आपण सुशिक्षित वाचक-प्रेक्षक फार तर या गोंडाच्या जागीं उभे असतों. आपणांस कळतें, कींव येते, घटकाभर हातहि लागतो. मग आपण घरीं जातों.

मात्र गोंड तेवढ्यावर थांबत नाहीं. दुखी मेल्यावर तो चर्मकारवस्तींत जाऊन बजावतो कीं, पोलिसांची चौकशी होईल, प्रेताला कोणी हात लावूं नका. साऱ्या कथेंतील कृति म्हणावी अशी ही एकच कृति, आणि तिनेंच चक्र उलटें फिरतें. १९२७ सालीं महाडला आणि १९३० सालीं नाशिकला डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह केले. मेलेलीं गुरें ओढण्याचें काम सोडा, असा उपदेशहि त्यांनीं त्याच काळांत आपल्या समाजास केला. ही कथा त्याच वर्षांतली आहे हें विसरूं नये. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या गांवचीं मेलेलीं जनावरें ओढलीं, ते एक दिवस आले नाहींत. तेव्हां तें काम पंडिताला स्वतःच्या हातांनीं करावें लागलें. कथेंत हें चारदोन ओळींत उरकतें. चित्रपटांत ओल्या मातींतून दोरी ताणीत चाललेला तो एकटा ब्राह्मण आपण शब्दावांचून पाहत राहतों, आणि तो जेथें थांबतो तेथें जनावरांचीं हाडें पडलेलीं असतात.

म्हणून कथा आधीं वाचावी आणि चित्रपट मागून पाहावा. दुखीचें मन कथेवांचून कळणार नाहीं. आणि पंडिताच्या हातीं दोरी कशी आली, हें चित्रपटावांचून इतकें स्पष्ट दिसणार नाहीं.